पाठमोऱ्या गर्दीतलं माणूस

१

सकाळी नवाच्या सुमारास मिसुझु यायची, बूट काढून टोकं दाराकडे करून ठेवायची, "येऊ का, सेन्सेई?" असं विचारायची आणि उत्तराची वाट न बघता आत येऊन स्टोव्ह पेटवायची. तिची गुरू हिसायो तोवर खिडकीकडच्या टेबलाशी बसलेली असायची. पाठ न वळवता ती "हं" म्हणायची. दोघींचं दिवसभराचं अर्धं बोलणं इथेच संपायचं.

शहराच्या कडेला नेरिमातलं ते दोन खोल्यांचं घर. मागे मुळ्याचं शेत, पुढे रेल्वेचं फाटक. बाहेरच्या खोलीत दोन टेबलं होती आणि ती एकमेकांकडे पाठ करून मांडलेली होती. हिसायो खिडकीशी बोलायची, मिसुझु भिंतीशी, आणि तरी दोघींचं एकमेकींना बरोबर ऐकू जायचं. टाकाची करकर, मधूनच फाटकाची घंटा, स्टोव्हवरच्या किटलीची कुरकुर. बारा वर्षं या खोलीत दुसरा आवाज नव्हता.

बारा वर्षं इथे एकच चित्रकथा निघत होती, 'लोणच्याची गल्ली', चित्रकार कुसाकाबे हिसायो. दर महिन्याला एका जाडजूड मासिकात तिची तीस-बत्तीस पानं यायची. ओताने नावाची एक विधवा, तिचं मुळ्याच्या लोणच्याचं दुकान आणि गल्लीतली माणसं. तलवारी नाहीत, भुतं नाहीत, कुणी उडत नाही. आजकाल असलं कोण वाचतं, असं हिसायो स्वतःच म्हणायची आणि कुणी "खरंय" म्हटलं की तिला राग यायचा.

कामाची वाटणी पक्की होती. माणसं हिसायोची, बाकी जग मिसुझुचं. भिंती, कौलं, विजेच्या तारा, लोणच्याची पिंपं मिसुझु काढायची. गर्दीही तीच काढायची, पण गर्दीचा एक नियम होता. गर्दी पाठमोरी असली पाहिजे. "एक जरी माणूस समोर तोंड करून उभं राहिलं ना," हिसायो सांगायची, "की वाचकाची नजर तिथेच अडकते. आणि वाचकाची नजर म्हणजे माशी. उकिरड्यावर आधी बसते."

वाचकाबद्दल ती हे असंच बोलायची. महिनाभर मान मोडून काढलेली पानं ट्रेनमध्ये चार स्टेशनांत संपवतो आणि उतरताना सामानाच्या फळीवर टाकून जातो, तो वाचक. मासिकात दर अंकाला एक पोस्टकार्ड असतं, त्यावर आवडलेल्या तीन कथा लिहून पाठवतो, आणि ज्या कथेचं नाव कुणीच लिहीत नाही ती बंद पाडतो, तो वाचक. 'लोणच्याची गल्ली' गेलं वर्षभर यादीच्या तळाशी होती. संपादकांनी वसंतापर्यंतची मुदत दिली होती.

हिसायो म्हणायची, मला नाव नको, वाहवा नको, मला माझं काम करू द्या. साफ खोटं. तिला एक गोष्ट हवी होती आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. एखाद्या तरी वाचकाने कधीतरी एका चौकटीवर बोट ठेवावं आणि म्हणावं, ही रेघ कुसाकाबेची आहे, दुसऱ्या कुणाला ही जमायची नाही. बस्स, एवढंच. त्यानंतर कथा बंद पडली असती तरी चाललं असतं.

नोव्हेंबरचा अंक छापून आला तेव्हा ती चहा पीत तो चाळत होती. गल्लीतली संध्याकाळ. घरी निघालेली माणसं, सगळ्यांच्या पाठी, पिशव्या, छत्र्या. आणि गल्लीच्या पार टोकाला एक माणूस समोर तोंड करून उभं होतं. लांब कोट, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. चेहऱ्याच्या जागी कोरा कागद.

"मिसुझु, गर्दी कशी काढायची ते आता पहिल्यापासून शिकवू का?"

मिसुझु उठून आली. तिने चित्र पाहिलं आणि हिसायोकडे पाहिलं. "हे तुमचंच आहे ना? पान माझ्याकडे आलं तेव्हा यावरची शाई वाळलेली होती. म्हटलं, सेन्सेईंनी काहीतरी योजलंय. चेहरा शेवटी भराल."

"मी कशाला योजेन? काळे भाग शाईने भरायला पान परत आलं तेव्हा हे होतं. मला वाटलं तू काढलंस आणि चेहरा माझ्यासाठी ठेवलास."

एक पान दोघींच्या टेबलांवरून दोन-दोन फेऱ्या मारायचं. मध्ये कुणी कुणाला काही विचारायचं नाही, विचारावं लागत नाही, याचा दोघींना मोठा अभिमान होता. आता तोच अभिमान अंगाशी आला होता.

"त्या आठवड्यात आपण झोपलो कुठे होतो?" हिसायो म्हणाली. "एकीने डुलक्या घेत काढलं असणार. जाऊ दे. बारा वर्षांत एक चूक झाली तर कुणी फाशी देत नाही."

मिसुझु हसली. मात्र जागेवर जाताना तिने तो अंक पालथा घालून ठेवला.

२

निवा हा मासिकाचा माणूस. पस्तिशीचा, कायम घाईत आणि कायम भुकेला. आला की आधी टेबलावरची संत्री सोलायचा आणि मग वाईट बातमी द्यायचा. या वेळी त्याने संत्र्याला हातही लावला नाही.

"सेन्सेई, तुम्ही आम्हाला सगळ्यांना गुंडाळलंत की हो!"

"काय केलं मी?"

"वा, वा! म्हणे काय केलं! तळातून एकदम चौथ्या नंबरावर! माझे साहेब मला बोलावून म्हणतात, निवा, ही बाई इतकी वर्षं कुठे लपून बसली होती?" त्याने पिशवीतून पोस्टकार्डांचा गठ्ठा काढून टेबलावर आपटला. "सगळ्यांना एकच प्रश्न पडलाय. गल्लीच्या टोकाला उभं आहे ते कोण?"

हिसायोने वरची काही कार्डं वाचली. एका बाईने लिहिलं होतं, ते माझ्या थोरल्या भावासारखं उभं राहतं, तो असाच स्टेशनवर उभा राहायचा. एका निवृत्त शिक्षकाला त्यात आपली गेलेली बायको दिसली होती. सेंदाईच्या एका मुलीने लिहिलं होतं, मी रोज झोपण्याआधी ते पान उघडून बघते, आणि मला बरं वाटतं.

"त्याला चेहराच नाही," हिसायो म्हणाली. "ओळखतात कसं?"

"तीच तर गंमत आहे! ज्याला जो चेहरा हवा तो त्याने घ्यावा लावून. सेन्सेई, खरं सांगा, हे किती दिवस डोक्यात होतं?"

ओतानेचा चेहरा हिसायोने हजारो वेळा काढला होता. रडताना, हसू दाबताना, मिठाचा हात कपाळाला लागताना. तो बघून एकाही वाचकाला आपली आई आठवली नव्हती. आणि हे कोरं अंडं बघून लोकांना घरची माणसं दिसत होती. हे मी काढलं नाही, असं सांगायची हीच वेळ होती.

"असंच सुचलं," ती म्हणाली.

मागे मिसुझुचा टाक थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

"बघा!" निवाने आता संत्रं सोललं. "आता एवढंच करा. काही उलगडू नका. फक्त ते असू द्या."

३

असू द्या म्हटल्यावर हिसायोने ते काढायला घेतलं. पहिल्याच पानावर, मोठ्या चौकटीत, ओतानेच्या दुकानाच्या दारात. कोटाची घडी जमेना म्हणून तिने मिसुझुला कोट घालून दारात उभं केलं. खांदे किती उतरते ठेवायचे, बोटं मिटायची की सोडायची, यात तिने जीव ओतला. चेहरा कोरा ठेवताना तिचा हात शिवशिवला, पण ठेवला. झाल्यावर दूर धरून पाहिलं. बारा वर्षांत इतकं चांगलं काही जमलं नव्हतं असं तिला मनापासून वाटलं.

डिसेंबरचा अंक बाजारात आल्यावर निवाचा फोन आला. तो आनंदातही होता आणि गोंधळलेलाही होता.

"दुसरा नंबर, सेन्सेई! अभिनंदन! फक्त एक विचारू का? पहिल्या पानावरचं ते कुणी काढलंय?"

"म्हणजे?"

"नाही, कार्डांवर लोक जरा रागावलेत. म्हणतात, दारातलं ते नकली आहे, कुणा हौशी माणसाने काढल्यासारखं वाटतं. पण पुढे पिंपांच्या मागे आहे ना, ते खरं. त्यावर मात्र सगळे फिदा आहेत."

हिसायोने फोन ठेवला आणि अंक उघडला. पिंपांची चौकट साधी होती. ओताने पिंपावर दगड ठेवते आहे, मागे भिंत. पिंप आणि भिंत यांच्यामध्ये अर्धा खांदा आणि अर्धं कोरं डोकं होतं. रेघ बारीक आणि सावकाश होती, कुठेही न थरथरलेली. हिसायोची रेघ शेवटाला किंचित उचलली जायची. ही उचलली जात नव्हती. जिथे संपायची तिथे ती नुसती संपायची.

म्हणजे वाचकाला रेघ ओळखता येत होती. ट्रेनमध्ये चार स्टेशनांत पानं संपवणाऱ्या त्या माशीला अस्सल आणि नकली कळत होतं. बोट ठेवून त्यांनी सांगितलं होतं, ही रेघ खरी. फक्त ते बोट कुसाकाबेच्या रेघेवर नव्हतं. हिसायो त्या दिवशी जेवली नाही.

संध्याकाळी तिने खुर्ची वळवली. अशी ती कधी वळवत नसे.

"मिसुझु, कबूल कर. तू काढतेस."

"मी पिंपं काढली. पिंपांच्या मागे भिंत काढली. विटा मोजून काढल्या."

"मी रागावणार नाही. पण खोटं बोलू नकोस."

मिसुझुने टाक पुसून ठेवला. एरवी आवाज न चढवणारी बाई, पण आता तिचे कान लाल झाले होते. "सेन्सेई, मला असं काढता आलं असतं तर मी बारा वर्षं तुमची कौलं काढत बसले असते का?"

हेच उत्तर होतं आणि दोघींना ते लागलं.

४

जानेवारीतली दुपार. कोरडी थंडी होती, आभाळ निळंशार होतं आणि शेतात कुणीतरी मुळे उपटत होतं. काम वेळेवर चाललं होतं. हिसायो ओतानेच्या बाह्या दुमडत होती आणि मागे मिसुझुचा टाक चालला होता. करकर, थोडं थांबणं, दौतीच्या काठाला टाक निथळल्याचा बारीक टिंग, पुन्हा करकर. त्या आवाजाने हिसायोला कायम बरं वाटायचं. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, तिच्या आयुष्यात सोबत म्हणून जे काही होतं ते या आवाजात होतं. आणि त्या सोबतीला आपण नको ते बोललो, हे तिला आठवडाभर टोचत होतं.

"मिसुझु," ती खिडकीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी जास्त बोलले मी. मनावर घेऊ नकोस."

टाक थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"आणि हे बघ, वसंतात कथा बंद झाली तर तुला दुसरीकडे लावून देईन. तुझ्यासारख्या भिंती कुणाला येतात?"

करकर. टिंग. करकर.

"बोलायचं नसेल तर राहू दे बाई," हिसायो म्हणाली आणि बाही पुरी करायला लागली.

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. बूट काढल्याचा, ते फिरवून ठेवल्याचा आवाज आला.

"केवढी रांग होती हो पोस्टात!" दारातून मिसुझु म्हणाली. "पातीचा कांदा आणलाय. संध्याकाळी नूडल्स करू? काय झालं? अशा काय बसलात?"

हिसायोने लगेच मागे वळून पाहिलं नाही. आधी तिने मनाशी हिशेब मांडला. स्टोव्ह तापला की पत्रा तडतडतो. किटलीचं झाकण टिंग वाजतं. शेतात फावडं चालतं, त्याचा आवाज भिंतीतून येतो. आपलं वय झालं, कान वाजतात. चारही कारणं चांगली होती. एखादंच पुरलं असतं तर तिला जास्त बरं वाटलं असतं.

मग ती वळली. मिसुझुची खुर्ची टेबलात नीट सारलेली होती. टेबलावर तिने अर्धवट सोडलेलं पान होतं, गल्लीचं, आणि मिसुझु हातात कांद्याची जुडी घेऊन त्याच्याकडे बघत होती.

"सेन्सेई," ती म्हणाली, "मी जाताना टाक धुऊन ठेवला होता."

टाकाच्या टोकाला शाईचा थेंब होता. तो हळूच फुगला आणि खालच्या कागदावर पडला. दोघींपैकी कुणीच पान उचलून बघितलं नाही.

नूडल्स केल्या, खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी ते पान न बघताच बाकीच्या पानांबरोबर पाकिटात घालून मासिकाला पाठवून दिलं. पाठवायचं नाही असं ठरवायला काय हरकत होती? पण त्या वेळी हिसायोच्या मनात दुसरंच काही होतं. हे पान पहिल्या नंबराला जाईल, हे तिला दिसत होतं.

५

आणि गेलं. निवा केक घेऊन आला. एवढ्या वर्षांत मासिकाच्या ऑफिसातून या घरात केक आला नव्हता.

हिसायोने तो कापू दिला नाही. "निवा-सान, बसा. ते मी काढत नाही."

"काय काढत नाही?"

"ते. कोटातलं. पहिल्यापासून मी काढलेलं नाही. एकदाच काढलं, तेच लोकांना नकली वाटलं."

निवाने मिसुझुच्या पाठीकडे पाहिलं. "मग मिसुझु-सान काढतात? तसं असेल तर तसं छापू, त्यात काय एवढं."

"तीही काढत नाही."

"मग कोण काढतं?"

"माहीत नाही."

तो हसायला लागला. कुणी बरोबर हसत नाही हे पाहून थांबला. मग त्याने आवाज खाली आणला, आजारी माणसाशी बोलतात तसा. "सेन्सेई, दमला आहात तुम्ही. मी ओळखतो. पण एक सांगू? पानावर सही कुणाची असते? तुमची. ज्याची सही त्याचं चित्र. मासिकाला एवढंच कळतं, आणि वाचकाला तर तेवढंही कळत नाही. तुमचं नाव किती जणांना ठाऊक असेल असं वाटतं? ते म्हणतात, 'कोटवाली गोष्ट'."

"मग बंद करा ती. वसंतात करणारच होतात ना? करा."

"आता? आता बंद केली तर लोक मला कच्चा खातील!" मग जणू काही झालंच नाही अशा थाटात त्याने केकचा खोका उघडला. "आणि मी तर तुम्हाला बोलावणं द्यायला आलोय. पुढच्या महिन्यात, रविवारी दुपारी, शहरातल्या पुस्तकांच्या मोठ्या दुकानात सह्यांचा कार्यक्रम. तुमचा. वाचक रांग लावणार."

हिसायोला नाही म्हणायचं होतं. पण आतून जे वर आलं तो आनंद होता, आणि त्याची तिला स्वतःलाच लाज वाटली. बारा वर्षांत कुणी तिच्यासाठी रांग लावली नव्हती. हजारांतला एखादा तरी ओतानेसाठी येईल. एखादा तरी बोट ठेवून दाखवील.

निवा गेल्यावर मिसुझु भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "नका जाऊ, सेन्सेई."

"का?"

"त्या दिवशी दुपारी तुम्ही माझी माफी मागितलीत म्हणालात. ती मी नाही ऐकली. दुसऱ्याने ऐकली. तुमचं मन आता तिकडे कळलंय."

"वेडी आहेस."

"असेन. पण मी येणार तुमच्याबरोबर. टिपकागद कोण लावणार?"

६

दुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर पुस्तकांची कपाटं सरकवून जागा केली होती. पांढरं कापड घातलेलं टेबल, कोऱ्या जाड पुठ्ठ्यांची चवड, मागे हिसायोच्या नावाची पट्टी. रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत गेली होती. समोरच्या मोठ्या खिडकीतून ऊन येत होतं आणि ते सगळं वाचकांच्या पाठीमागून येत होतं.

रीत ठरलेली असते. वाचक पुढे येतो, नाव सांगतो. पुठ्ठ्यावर त्याचं नाव लिहायचं, एक झटपट चित्र काढायचं, खाली सही करायची. शेजारी मिसुझु टिपकागद दाबून पुठ्ठा वाळवणार आणि दोन्ही हातांनी देणार.

"नाव?"

"मोरिनागा. धन्यवाद, सेन्सेई, तुमची गोष्ट मला फार—"

"ओताने काढू?"

"नाही म्हणजे... ते काढाल?"

तिने ते काढलं. कोट, सोडलेले हात, कोरं डोकं. तो माणूस पुठ्ठ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "छान आहे." छान आहे म्हणताना लोक कसे म्हणतात ते आपल्याला कळतंच. पुढची नर्स होती. तिने सरळ विचारलं, "हे अंकातल्यासारखं का नाही दिसत?" मिसुझुने घाईघाईने तो पुठ्ठा पुढे सारला.

असं चाललं. हिसायोने मान वर करायचं सोडून दिलं. टेबलाच्या काठाशी येणारे हात तेवढे दिसत होते. लोकरी हातमोजे, अंगठीचा वळ, शाईने भरलेली शाळकरी बोटं. नाव, कोट, हात, सही. नाव, कोट, हात, सही. हे सगळे तिच्याकडे आले होते आणि यांतलं कुणीही तिच्यासाठी आलं नव्हतं.

दोन म्हातारे हात आले. नखांच्या कडेला हळदीसारखा पिवळा डाग होता, लोणची घालणाऱ्यांच्या हाताला असतो तसा.

"तुमची ती ओताने," एक थकलेला आवाज म्हणाला, "मान खाली घालते ना, तेव्हा हनुवटीखाली तुम्ही जी एक रेघ देता, ती दुसऱ्या कुणाला नाही जमायची. माझी आई डोळ्यांसमोर येते."

"नाव?" हिसायो म्हणाली. हाताने कोट काढायला घेतलाही होता.

म्हातारीने सुरू झालेल्या कोटाकडे पाहिलं. "निशिओका," ती हळूच म्हणाली. कोटाचं चित्र तिने दोन्ही हातांनी घेतलं, कमरेत वाकली आणि गेली. हिसायोने पुढचे दोन पुठ्ठे संपवले आणि तिसऱ्यावर टाक टेकवताना तिला कळलं, आपण आत्ता काय ऐकलं.

तिने मान वर केली. म्हातारी दिसेना. ऊन पाठीमागे असल्यामुळे रांगेतला एकही चेहरा दिसत नव्हता, नुसते आकार दिसत होते. हे उन्हामुळे, तिने स्वतःला बजावलं. सगळे तिच्याकडे तोंड करून शांत उभे होते. फक्त जिन्याच्या तोंडाशी एक जण पाठमोरं होतं.

"सेन्सेई, पाणी हवं का?" मिसुझुने विचारलं.

"नको. संपवू या."

रांग सरकत राहिली. कोट, हात, सही. शेवटी पुढ्यातली चवड संपत आली, आजूबाजूची कुजबुज विरली, आणि टेबलाच्या काठाशी हातांची एकच जोडी उरली. हात बाजूंना सोडलेले होते. ते टेबलावर आले नाहीत.

"नाव?"

"कुसाकाबे हिसायो."

आवाज सावकाश होता. जिथे संपायचा तिथे तो नुसता संपला. हिसायोच्या शेजारी मिसुझुचा टिपकागदावरचा हात गोठल्यागत थांबला होता. एका नावाची दोन माणसं असतात, हिसायोने स्वतःला सांगितलं. या एवढ्या मोठ्या शहरात असणारच. तिने पुठ्ठ्यावर लिहिलं, कुसाकाबे हिसायो यांस. अक्षर छान आलं.

"काय काढू?" तिने विचारलं. मान वर करायची नाही, एवढं तिला कळत होतं.

"चेहरा काढा. चेहरे तुमचेच."

हे मात्र खरं होतं. चेहरे हे तिचंच काम. गल्लीतल्या एकाही माणसाचा चेहरा तिने कधी दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता. तिने टाक बुडवला. हात तिच्या मनाची वाट न बघता चालायला लागला, हलका, तरुणपणी चालायचा तसा. गालाची हाडं, ओठांची दाबून धरलेली कड, पन्नाशीचा थकवा. डाव्या डोळ्याची पापणी जरा खाली उतरलेली. रेघेच्या शेवटाला तेच तिचं उचलणं. इतका अचूक चेहरा तिने आयुष्यात काढला नव्हता. खाली तिने सही केली.

एका हाताने पुठ्ठा उचलला गेला. टिपकागद लावायला कुणी थांबलं नाही.

ती पापणी ती रोज सकाळी तोंड धुताना आरशात बघायची. हे ध्यानात यायला तेवढाच वेळ लागला. हिसायो ताडकन उठली, टेबलाला वळसा घालून जिन्याकडे धावली. जिना रिकामा होता. खालपर्यंत एकही पाऊल वाजत नव्हतं. एका पायरीवर शाईचा ओला ठिपका होता, एवढंच.

ती वळून परत आली. टेबलाशी तिच्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. मान खाली, टाक पुसून एकेक खोक्यात ठेवत होतं. मिसुझु शेजारी वाकून कपात चहा ओतत होती. निवा कुठूनसा आला होता आणि हसत हसत काहीतरी सांगत होता. खुर्चीतल्या माणसाने मान हलवली. चेहरा दिसला नाही.

"मिसुझु!" हिसायो म्हणाली.

मिसुझुने चहाची किटली खाली ठेवली आणि टेबलाला वळसा घालून पुढे आली. बारा वर्षांत हिसायोने तिचं हे हसू पाहिलं नव्हतं, कारण ते घरात लागत नसे. ते वाचकांसाठी होतं. तिची नजर हिसायोच्या कोटावरून, हातांवरून गेली आणि चेहऱ्यावर न थांबता पलीकडे निघून गेली.

"माफ करा हं, रांग संपली," ती अदबीने म्हणाली. "सेन्सेई दमल्यात. पण तुम्ही इतक्या लांबून आलात, तर असं करते, तुमच्यासाठी एक पुठ्ठा सही करून पाठवते. नाव सांगता?"

हिसायोने नाव सांगायला तोंड उघडलं. तिच्याकडे ते नव्हतं. मघाशीच तिने ते आपल्या सुरेख अक्षरात लिहून, खाली सही करून, देऊन टाकलं होतं.